लॅपटॉप ९५ डिग्रीला गेला म्हणजे बिघडला का? कुठल्या पार्टचं किती तापमान चालतं ते नीट समजून घेऊया

तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये पहिल्यांदा टाकलं की बहुतेकांचं एकच होतं. तोवर मशीन व्यवस्थित चालत असतं, काही तक्रार नसते, आणि मग स्क्रीनवर लाल अक्षरात ९४ दिसतो आणि पोटात गोळा येतो. मग शोधाशोध सुरू. एक जण सांगतो ७० च्या वर गेलं की मशीन संपलं, दुसरा सांगतो १०० पर्यंत बिनधास्त चालवा, आणि दोघंही नेमक्या कुठल्या पार्टबद्दल बोलतायत ते सांगतच नाहीत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. प्रोसेसरचे ९५ बघून लोक झोप उडवून घेतात आणि बॅटरी ४८ ला जाऊन बसलीय तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे उलटं व्हायला हवं. ते का, हे कळायला थोडं मुळापासून जावं लागेल, पण अवघड काहीच नाहीये.

## उष्णता येते कुठून आणि जाते कुठे

प्रोसेसर जेवढी वीज खातो ती जवळपास सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. तुमचं गणित सुटतं, व्हिडिओ एडिट होतो, गेम चालतो, पण विजेच्या हिशोबाने बघितलं तर ४५ वॉट आत गेले की ४५ वॉटची उष्णता तयार झाली, विषय संपला. आणि ही उष्णता तयार होते कुठे, तर अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात. इंटेलच्या कोअर आय७-१२७००एच या लॅपटॉप प्रोसेसरचं उदाहरण घ्या, त्याची बेस पॉवर ४५ वॉट आहे पण टर्बोमध्ये, म्हणजे थोडा वेळ पूर्ण ताकदीने पळताना, तो ११५ वॉटपर्यंत जाऊ शकतो. एवढी उष्णता एवढ्याशा जागेतून काढून दोन सेंटीमीटर जाडीच्या डब्यातून बाहेर फेकायची आहे.

आता बुडाशी भोक असलेली बादली नळाखाली ठेवलीय असं समजा. नळाचं पाणी म्हणजे तयार होणारी उष्णता, भोक म्हणजे फॅन आणि कूलिंगची सगळी यंत्रणा, आणि बादलीतली पाण्याची पातळी म्हणजे तापमान. नळ सोडला की पातळी चढायला लागते, पण ती चढतच राहत नाही, कारण पाणी जितकं वर जातं तितका भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा जोर वाढतो आणि एका पातळीला येणारं आणि जाणारं पाणी सारखं होतं. तिथे ती थांबते. लॅपटॉपचं तापमान असंच एका जागी जाऊन स्थिरावतं. नळ जास्त सोडला म्हणजे जड काम दिलं तर पातळी वर थांबणार, भोकात कचरा अडकला म्हणजे धूळ साठली तर तेवढ्याच नळाला पातळी आणखी वर थांबणार. या दोन गोष्टींतला फरक ओळखता आला की निम्मं काम झालं, कारण पहिली गोष्ट नॉर्मल आहे आणि दुसरी दुरुस्त करायची आहे.

लॅपटॉपमधलं हे भोक बघण्यासारखं असतं. मागचं झाकण उघडलं की तांब्याच्या चपट्या नळ्या दिसतात, प्रोसेसरवरून निघून कडेच्या फॅनपर्यंत गेलेल्या. त्यांना हीट पाइप म्हणतात. बघताना भरीव पट्टी वाटते पण ती आतून पोकळ असते, आत अगदी थोडंसं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते. दाब कमी असल्यामुळे ते पाणी १०० डिग्रीच्या खूप आधीच उकळतं, प्रोसेसरच्या बाजूला वाफ होते, वाफ गार टोकाकडे पळते, तिथे उष्णता सोडून परत पाणी होते आणि नळीच्या आतल्या बारीक जाळीतून झिरपत मागे येते. ना मोटर ना पंप, दिवसभर हेच चक्र चालू. गार टोकाला पातळ पत्र्यांची रांग असते, त्यातून फॅन हवा ढकलतो. धूळ बरोबर इथे अडकते, फॅन आणि पत्र्यांच्या मधोमध, आणि काही महिन्यांत तिचा नमद्यासारखा जाड थर होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते पण आत वाट बंद झालेली असते.

## कमाल मर्यादा, आणि ती आली की काय होतं

प्रत्येक प्रोसेसरला कंपनीने ठरवून दिलेलं एक कमाल तापमान असतं, त्याला टीजे मॅक्स म्हणतात, म्हणजे चिपच्या आत, प्रत्यक्ष ट्रान्झिस्टर जिथे आहेत तिथे जास्तीत जास्त किती चालेल तो आकडा. वरच्या १२७००एच ला तो १०० डिग्री आहे. एएमडीच्या रायझन ७ ५८००एच ला १०५ आहे, रायझन ७ ६८००एच ला ९५. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांमध्ये दहा डिग्रीचा फरक, त्यामुळे "९५ चालतं का" या प्रश्नाला तुमचा प्रोसेसर कोणता हे माहीत असल्याशिवाय उत्तरच नाही. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की हा आकडा सहसा मिळतो, तो आधी बघून ठेवा.

या मर्यादेला पोचल्यावर चिप जळत नाही. ती स्वतःचा वेग आणि व्होल्टेज कमी करते, वीज कमी खाते, नळ आपोआप बारीक होतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. हे सगळं चिपच्या आत हार्डवेअरमध्येच बसवलेलं असतं, विंडोज हँग झालं तरी ते काम करतं. आणि समजा फॅनच बंद पडलाय किंवा हीट पाइप निखळलाय आणि थ्रॉटल करूनसुद्धा तापमान चढतच चाललंय, तर आणखी वरती एक शेवटची मर्यादा असते, तिथे मशीन सरळ बंद होतं, सेव्ह करा वगैरे काही विचारत नाही. जड काम चालू असताना लॅपटॉप अचानक काळा झाला आणि थोड्या वेळाने परत चालू केल्यावर ठीक चालला, तर हा संशय घ्यायला जागा आहे.

## मग कंपन्या ९५ ला जाऊच का देतात?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि रास्त आहे. उत्तर असं की प्रोसेसर आता असेच बनवले जातात, की मर्यादेच्या खाली जेवढी जागा शिल्लक आहे ती वापरून वेग काढायचा. तापमान ७० आहे आणि मर्यादा १००, म्हणजे अजून ३० डिग्रीची सवलत बाकी आहे असं धरून चिप वेग वाढवते, आणि वाढवता वाढवता मर्यादेच्या जवळ जाऊन बसते. पातळ लॅपटॉपमध्ये रेंडरिंगसारख्या (म्हणजे व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्र अंतिम रूपात तयार करण्यासारख्या) जड कामाला ९०-९५ दिसणं हे त्यामुळे डिझाइनमध्ये धरलेलंच असतं.

पण धरलेलं असतं म्हणजे दर वेळी बरोबर जमलेलं असतं असं नाही, आणि इथे कंपन्यांना मोकळं सोडू नये असं मला वाटतं. २०१८ च्या जुलैमध्ये अ‍ॅपलचा आय९ प्रोसेसरवाला मॅकबुक प्रो आला तेव्हा जड कामात तो इतका थ्रॉटल व्हायचा की गवगवा झाला, मग अ‍ॅपलने फर्मवेअरमध्ये, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, चूक असल्याचं मान्य केलं आणि अपडेट देऊन ती सुधारली. तात्पर्य काय, तर मर्यादेला टेकणं वेगळं आणि मर्यादेला टेकून वेग बेस स्पीडच्याही, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या मूळ वेगाच्याही, खाली पडणं वेगळं. ९५ डिग्री आणि वेग छान टिकून आहे, तर चालू द्या. ९५ डिग्री आणि वेग कोसळलाय, तर तुम्ही पैसे मोजलेली ताकद तुम्हाला मिळत नाहीये.

आणखी एक गोष्ट लोकांना घाबरवते. काहीच चालू नाही, नुसता ब्राउझर उघडला आणि आकडा ५० वरून एकदम ८५, दोन सेकंदांत परत ५५. हे असं का, तर छोटं काम पटकन उरकायला प्रोसेसर एखाद-दुसऱ्या कोअरला, म्हणजे आतल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाला, एकदम फुल वेगात सोडतो, आणि कोअरचं आकारमान इतकं छोटं की ते तापायला क्षणही लागत नाही. तेवढ्यात हीट पाइपपर्यंत काही पोचलेलंही नसतं. असल्या उड्यांकडे दुर्लक्ष करा, दहा मिनिटं सलग काम दिल्यावर आकडा कुठे जाऊन बसतो तो खरा.

## प्रोसेसर सोडून बाकीच्यांचं काय

सरसकट "लॅपटॉपचं तापमान" असं काही नसतं, आत बसलेल्या प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी आहे.

ग्राफिक्स चिप म्हणजे जीपीयू सहसा प्रोसेसरपेक्षा थोडी आधी माघार घेते. एनव्हिडियाच्या बऱ्याच लॅपटॉप चिप ८७ च्या आसपास वेग कमी करायला लागतात, त्यामुळे गेम खेळताना ७५ ते ८५ हे नेहमीचं समजा. सॉफ्टवेअरमध्ये तिचाच हॉटस्पॉट नावाचा दुसरा आकडा दिसतो, तो चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचा असतो आणि दहा-पंधरा डिग्रीने जास्त असणं ठीक आहे. तो फरक २५-३० वर गेला तर मात्र चिप आणि हीट पाइपच्या मधली पेस्ट नीट बसलेली नाही असं समजायला हरकत नाही.

एसएसडीचं वेगळंच आहे. घरगुती वापराच्या एनव्हीएमई (म्हणजे हल्लीच्या वेगवान, पट्टीसारख्या) एसएसडींची कामाची रेंज बहुतेक वेळा ० ते ७० डिग्री लिहिलेली असते, आणि मोठ्या फाइली सलग कॉपी करताना ती ७० च्या आसपास सहज जाते, मग तीही स्वतःचा वेग कमी करते. एसएसडी बदलताना जुन्यावरचं मऊ थर्मल पॅड परत लावायचं राहून गेलं तर नेमकं हे होतं, हे बघत जा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्क ६० पर्यंत म्हणतात पण त्यांना ५० च्या खालीच ठेवलेलं बरं.

आता बॅटरी, आणि इथे जरा थांबूया.

लिथियम-आयन बॅटरी चार्ज करायची तर सर्वसाधारण मर्यादा ० ते ४५ डिग्री अशी धरली जाते. वापरताना ६० पर्यंत चालतं म्हणतात, पण चालतं आणि मानवतं यात फरक आहे. प्रोसेसरमध्ये नुसते इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातात, बॅटरीत मात्र रासायनिक क्रिया चालू असते, आणि आपल्याला हवी ती क्रिया जशी उष्णतेने वेगात होते तशाच नको असलेल्याही होतात. आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू खराब होतं, इलेक्ट्रोडवर थर जाड होत जातो, कधी गॅस तयार होतो. हे नुकसान परत भरून येत नाही. प्रोसेसर १०० ला जाऊन आला आणि गार झाला तर तो होता तसाच असतो, बॅटरीचं मात्र प्रत्येक गरम दुपारी काहीतरी कायमचं गेलेलं असतं. आणि बॅटरीला थ्रॉटलिंग करून स्वतःला वाचवायची सोयही प्रोसेसरसारखी नाही, फार फार तर ती चार्जिंग थांबवते, शेजारच्या प्रोसेसरची उष्णता तिला निमूट सोसावीच लागते.

सगळ्यात वाईट जोडी म्हणजे पूर्ण १०० टक्के चार्ज आणि वर उष्णता. चार्जर कायम लावलेला, बॅटरी १०० वर, आणि त्याच वेळी तासन्‌तास गेमिंग किंवा रेंडरिंग, हे ज्यांचं रोजचं आहे त्यांची बॅटरी दीड-दोन वर्षांत का बसते याचं उत्तर यात आहे. म्हणूनच आता बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचा पर्याय दिलेला असतो. लॅपटॉप टेबलावरच राहणार असेल तर तो आजच चालू करा, या पूर्ण लेखातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त फायद्याचं काम तेच आहे.

बॅगेत झोपवलेल्या लॅपटॉपबद्दलही सांगायला हवं. हल्लीच्या विंडोज लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे पूर्ण झोप नसते, मशीन अधूनमधून जागं होऊन अपडेट, मेल वगैरे बघतं. बंद बॅगेत तसं जागं झालं आणि काही कारणाने परत झोपलं नाही तर हवा जायला जागाच नाही, तासाभराने बाहेर काढाल तर हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. बॅगेत टाकायच्या आधी शटडाउन किंवा हायबरनेट करा, ही सवय लावून घ्या.

## हात लावून कळत नाही का?

थोडंफार कळतं, पण फसवतंही. बाहेरून गार लागणारा लॅपटॉप आतून तापलेला असू शकतो, कारण उष्णता बाहेर येतच नाहीये. आणि कीबोर्डच्या वरची पट्टी गरम लागली तर कधीकधी ती चांगलीच खूण असते, कूलिंग काम करतंय, उष्णता बाहेर टाकतंय. बादलीच्या भोकातून पाणी जोरात पडताना दिसतंय तसंच हे.

हाताला जे लागतं ते महत्त्वाचं आहे पण लॅपटॉपसाठी नाही, तुमच्यासाठी. मांडीवर ठेवून रोज तासन्‌तास काम केलं तर साधारण ४३ ते ४७ डिग्रीची उष्णताही, जिने लगेच भाजत नाही, महिनोन्‌महिने लागत राहिली की त्वचेवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग आणते. डॉक्टरांना हे माहीत आहे, लॅपटॉपमुळे झालेल्या अशा केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. मांडीवर ऊबदार वाटतंय म्हणून चालवून घेऊ नका, मध्ये एखादी कडक पाटी ठेवा. त्याने खालच्या जाळ्याही मोकळ्या राहतात.

## मोजायचं कसं आणि काय बघायचं

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट आणि भरवशाचं आहे, एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो पुरेसं आहे, लिनक्सवर सेन्सर्स नावाची कमांड आहे. असलं काहीही उतरवताना मूळ साइटवरूनच उतरवा, कारण ही सॉफ्टवेअरं सिस्टिमच्या अगदी आतपर्यंत पोचतात आणि कुठल्यातरी तिसऱ्याच साइटवरच्या भेसळ केलेल्या कॉपीला तेवढी परवानगी देणं धोक्याचं आहे.

एचडब्ल्यूइन्फो उघडताना नुसतं सेन्सर्स निवडा. मग लांबलचक यादी येईल, शंभरेक ओळी, त्या सगळ्या बघायच्या नसतात. चार कॉलम दिसतील, आत्ताचं, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. लोकांची नजर जास्तीत जास्तवर जाते आणि तिथेच फसगत होते, कारण त्यात ती दोन सेकंदांची उडीही नोंदलेली असते. सरासरी बघा. मग थर्मल थ्रॉटलिंग अशी ओळ शोधा, तिच्यापुढे हो किंवा नाही लिहिलेलं असतं, काम चालू असताना ते सारखं हो दाखवतंय का ते बघा, आणि त्याच्याच जोडीला कोअरचा वेग किती आहे ते बघा. इंटेलवर टीजे मॅक्सपासून किती अंतर उरलंय अशीही ओळ असते. मला स्वतःला ती सगळ्यात उपयोगाची वाटते, कारण सेन्सर मुळात तेच मोजतो. चिपमधला सेन्सर "मर्यादेपासून इतकं खाली" असं सांगतो, सॉफ्टवेअर ते वजा करून आपल्याला डिग्री दाखवतं. म्हणूनच हे आकडे मर्यादेजवळ बऱ्यापैकी अचूक असतात आणि मशीन शांत असताना थोडे मागेपुढे असतात, ४१ आणि ४४ मध्ये अर्थ शोधत बसू नका.

मुख्य काम पुढे आहे. लॅपटॉप चांगल्या अवस्थेत असताना, शक्यतो नवा असतानाच, एक नोंद करून ठेवा. सिनेबेंच नावाच्या प्रोसेसरची ताकद मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांची टेस्ट असते ती चालवा, सरासरी तापमान, शेवटचा वेग, टेस्टचा स्कोअर आणि त्या दिवशी खोलीत किती डिग्री होती हे चार आकडे कुठेतरी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी परत तेच करा. कोणाच्या तरी मशीनचे आकडे बघून आपलं मशीन चांगलं की वाईट ठरवण्यापेक्षा स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी तुलना केलेली शंभर पटीने बरी.

खोलीचं तापमान लिहायला का सांगतोय, तर ते जवळपास जसंच्या तसं आत जाऊन मिळतं. कूलिंग कितीही चांगलं असलं तरी ते उष्णता खोलीच्या हवेतच टाकणार, हवेपेक्षा गार काही करू शकत नाही. २२ डिग्रीच्या खोलीत ८० दाखवणारा लॅपटॉप तेच काम ३५ डिग्रीच्या खोलीत ९० च्या पुढे दाखवेल आणि तरीही तो अजिबात बिघडलेला नसेल. अ‍ॅपल तर स्वतःच्या लॅपटॉपसाठी बाहेरचं तापमान १० ते ३५ डिग्रीच असावं असं सांगतं. म्हणून आकड्यातून खोलीचं तापमान वजा करा आणि उरतं ते जपून ठेवा. ते उरलेलं वाढत चाललंय आणि काम तेच आहे, तर भोक बुजतंय.

## कमी करायचं तर काय करावं

आधी फुकटातलं. मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचला, पुस्तकाने, स्टँडने, कशानेही. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात आणि टेबलाला चिकटून बसले की त्यांचा श्वास कोंडतो. गादी, उशी, सोफा यावर तर नकोच, कापड जाळीत शिरतं.

मग नळ बारीक करा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बऱ्याच मशीनवर टर्बो बंद होतो आणि तापमान दणक्यात खाली येतं. वेग जातो, हे खरं आहे, पण लेखन, ब्राउझर, मीटिंग यात तो गेलेला कळणारही नाही. गेममध्ये फ्रेम रेट ६० ला बांधून ठेवला तरी मोठा फरक पडतो. व्होल्टेज कमी करायची युक्ती पूर्वी खूप चालायची, पण २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यानंतर इंटेलच्या पुष्कळ लॅपटॉपवर बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटने ती वाट बंद केली गेली. तुमच्याकडे चालत नसेल तर कारण बहुधा हेच आहे, त्यासाठी जुना बायोस टाकायच्या भानगडीत पडू नका.

त्यानंतर सफाई. हवेचा कॅन मारताना फॅनचं पातं काडीने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. आणि नुसतं बाहेरून फुंकल्याने आतला नमदा निघत नाही, झाकण उघडावंच लागतं. पेस्टचं म्हणाल तर मशीन रोज तापतं-निवतं, धातू प्रसरण-आकुंचन पावतात आणि पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते, त्यामुळे तीनेक वर्षांनी बदलून फायदा होऊ शकतो. फक्त एक सांभाळा, काही गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपनीच लिक्विड मेटल लावून देते, त्यातून वीज वाहते आणि ते इकडेतिकडे सांडलं तर बोर्ड जातो. तसं असेल तर स्वतः उघडू नका, जाणकाराकडे द्या.

कूलिंग पॅड? लॅपटॉप खालून हवा घेत असेल तर थोडा फरक पडतो, पण त्यातला बराचसा फरक लॅपटॉप उचलला गेल्याचाच असतो. आत धूळ भरलेली असताना पॅड घेणं म्हणजे बुजलेलं भोक तसंच ठेवून बादलीच्या शेजारी उभं राहणं. आणि गार करायला फ्रिजमध्ये ठेवणं, बर्फाची पिशवी लावणं असलं काही चुकूनही नको, आत दव धरतं.

## "माझा तर पाच वर्षं १०० वर चालतोय, काही झालं नाही"

खरं असेल, प्रोसेसर स्वतः फार चिवट असतो. पण त्याच डब्यात कपॅसिटर आहेत, फॅनचं बेअरिंग आहे, प्लॅस्टिक आणि डिंक आहेत, आणि बॅटरी आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल इंजिनिअर लोकांचा जुना ठोकताळा आहे की दहा डिग्री कमी केले की आयुष्य साधारण दुप्पट होतं. ठोकताळाच आहे तो, जसाच्या तसा लॅपटॉपला लावू नका, पण दिशा बरोबर आहे. पाच वर्षं चालला तो प्रोसेसरच्या चिवटपणामुळे चालला, त्या मशीनची मूळ बॅटरी आता किती टिकते ते विचारून बघा.

उलट टोकाचेही लोक असतात, ६५ च्या वर जाऊच द्यायचं नाही म्हणून फॅन कायम फुल, वेग अर्ध्यावर. त्याचीही गरज नाही. फॅन जास्त फिरला की धूळही जास्त ओढतो आणि स्वतःही लवकर झिजतो. सलग जड कामात मर्यादेच्या दहा-एक डिग्री खाली स्थिरावत असेल तर प्रोसेसरला सोडून द्या आणि बॅटरीचा आकडा बघा.

## लगेच थांबायचं कधी

काम काहीच नाही आणि प्रोसेसर ८० वर बसून आहे, तर आधी टास्क मॅनेजरमध्ये कोण गुपचूप चालतंय ते बघा, तिथेही काही नसेल तर फॅन फिरतोय का ते कान लावून ऐका. फॅन घरघरतोय किंवा अजिबात आवाज नाही आणि तापमान चढतंय, तर बंद करून दुरुस्तीला न्या.

आणि टचपॅड वर उचललं गेलंय, क्लिक होत नाहीये, खालचं झाकण मध्ये फुगलंय किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतोय, तर ती फुगलेली बॅटरी असू शकते. तिथे तापमान कितीही नॉर्मल दिसू दे, चार्जर काढा, मशीन बंद करा, फुगवटा दाबून बसवायचा किंवा टोचायचा प्रयत्न करू नका, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि परत चालू न करता सर्व्हिस सेंटरला घेऊन जा. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.